जुनी गाडी दुरुस्त करायची की काढायची? या चुका टाळा

साताऱ्यात जुनी गाडी काढायचा निर्णय बहुतेक वेळा एका बिलावर होतो. गॅरेजवाला चाळीस हजार सांगतो, गाडीची किंमत जेमतेम साठ हजार, मग घरात सगळे म्हणतात, "घाल भंगारात." हा हिशेब चुकीचा आहे. बिलाची तुलना गाडीच्या विक्रीकिमतीशी करू नका, दुसरी गाडी घेण्याच्या खर्चाशी करा. चाळीस हजारांत गाडी आणखी दोन वर्षं नीट चालणार असेल, तर ते महिन्याला सतराशेच्याही आत बसतं. एवढ्या हप्त्यात कुठली गाडी येते? शिवाय घेतलेल्या सेकंडहँड गाडीची दुखणी आपल्याला माहीतच नसतात.

मात्र पत्रा शाबूत असेल तरच हे खरं. इंजिनाला सगळे घाबरतात आणि गंजाकडे कुणी बघत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून सडते. मॅट उचलून फ्लोअर बघा, दारांच्या खालच्या कडा बघा, बॉनेट उघडून पुढचे शॉकअब्सॉर्बर जिथे बसतात ती जागा बघा. लोहचुंबक फिरवा. तो जिथे चिकटत नाही तिथे गंजलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असण्याची दाट शक्यता. इंजिन उतरवून पुन्हा उभं करता येतं. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, सडलेली असेल तर मी त्या गाडीवर पैसा घालू नका असंच सांगेन.

सगळ्यात महागात पडणारी चूक घाटात होते. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो, माणूस थांबतो, पाणी ओततो आणि निघतो. आठवडाभर असंच चालतं. मूळ दोष बऱ्याचदा किरकोळ असतो: फॅन सुरू होत नाही, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, प्रवाह उघडणारा थर्मोस्टॅट अडकलाय, रेडिएटर चोंदलाय. पण तशीच दामटली की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सील) जातं आणि दोन-तीन हजारांचं काम पार इंजिनापर्यंत पोचतं. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्या, बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतो. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर गॅस्केटचा संशय घ्या.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण लगेच इंजिनकामाला हो म्हणू नका. फक्त सकाळी स्टार्ट करताना धूर येत असेल तर बऱ्याचदा व्हॉल्व्ह सील बदलून भागतं. चढावर रेस दिल्यावर येत असेल तर पिस्टन रिंगांचा प्रश्न असू शकतो. आधी कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायला, सांगा, आकडे लिहून घ्या.

पुरात बुडालेली गाडी मात्र वेगळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचं वायरिंग आतून गंजत राहतं. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका. स्वतःची बुडाली असेल तर चावी फिरवू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोठं काम काढण्याआधी आरसीवरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, शिवाय पर्यावरण कर लागतो. हा खर्च बिलात धरा. गाडी काढायचीच ठरली, तर आरसी तुमच्या नावावर ठेवून भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा.