विळ्याला धार किती हवी? या चुका टाळा

ज्या धारेने सोयाबीन सोंगले त्याच धारेने तूर कापायला निघणारी माणसे मला दर हंगामात भेटतात. धार जितकी पातळ तितके अवजार चांगले, असा त्यांचा ठाम समज असतो. हातावरचे केस निघतात का, ही परीक्षा वस्तऱ्याची आहे. विळ्या-कुऱ्हाडीला ती लावू नये.

सोयाबीनला मात्र खरोखरच तीक्ष्ण विळा लागतो, कारण बोथट विळ्याने झाड कापले न जाता हिसकले जाते, वाळलेल्या शेंगा फुटून दाणे वावरात सांडतात आणि मुळासकट उपटलेल्या झाडाची माती मळणीयंत्रात जाते. तुरीचे खोड लाकडासारखे टणक असते. तेवढी पातळ धार त्यावर मुडपते किंवा तिला खांडे पडतात. म्हणून मी दोन्ही पिकांचे विळे वेगळे ठेवतो आणि तुरीचा विळा पाजवताना त्याची पाठ दगडापासून थोडी अधिक उचलून धरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ग्राइंडर. एका डिसेंबरात तूर सोंगणीला आली असताना वेळ वाचावा म्हणून मी चार विळे वेल्डिंगच्या दुकानातून धार लावून आणले. पाती चकचकीत दिसत होती. धारेलगत उमटलेल्या निळसर पट्ट्याकडे मी दुर्लक्ष केले. दुपारच्या भाकरीपर्यंत चारही विळे बोथट झाले आणि सोंगणाऱ्या बायांचा अर्धा दिवस वाया गेला. संध्याकाळी लोहारदादांनी त्या निळ्या भागावर कानस फिरवली, तर ती घरच्या जुन्या विळ्यापेक्षा कितीतरी सहज धातू ओढत होती. पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हा रंग येतो आणि पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, आणलेला कडकपणा तिथून उतरतो. नंतर दगडावर कितीही घासले तरी तो परत येत नाही. निळा भाग झिजवून टाकावा लागतो किंवा विळ्याला नव्याने पाणी द्यावे लागते. दहा मिनिटांची घाई करणाऱ्या नवशिक्यांना मी हे दरवर्षी सांगतो, तरी दरवर्षी कुणीतरी निळा विळा घेऊन येतोच.

सरपण फोडण्याच्या कुऱ्हाडीची धार बारीक करू नका. तिचे काम पाचरीचे आहे आणि बाभळीच्या गाठीवर पातळ धार तुटते. संत्र्याची सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या फांद्या, काढण्याच्या कात्रीचे पाते फक्त उताराच्या बाजूने घासावे, कारण सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापण्याऐवजी चेंगरते. पाजवून झाल्यावर पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरणारी कड राहते, ती हलक्या हाताने काढल्याशिवाय विळा वावरात नेऊ नये.

धार पुरेशी झाली का, हे मी ज्या पिकात उतरायचे त्याच पिकाच्या धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाजवळच्या, झाडावर पाहतो. सोयाबीनचे झाड शेंगा न हलता सुटले, तुरीचे खोड दोन ओढीत तुटले आणि धारेला खांडा पडला नाही, की दगड खाली ठेवतो.