इंग्रजी भाषणात मन वळवायचं असेल तर

पाच मिनिटांच्या भाषणातून श्रोत्याच्या डोक्यात फार तर एक वाक्य उरतं. ते कोणतं हे वक्त्याने ठरवलं नाही, तर श्रोता ठरवतो आणि बहुधा भलतंच उचलतो. म्हणून लिहायला बसताना प्रस्तावनेला हात लावू नका, आधी ते वाक्य लिहा. बारा-पंधरा शब्दांत बसणारं आणि कोणी काय करावं हे सांगणारं. 'प्लास्टिक घातक आहे' हे नुसतं मत झालं. 'कॉलेजने बाटलीबंद पाणी विकणं थांबवावं' ही मागणी झाली, आणि मन वळवायचं ते अशा मागणीसाठीच.

अ‍ॅरिस्टॉटलची इथॉस, पॅथॉस, लोगॉस ही त्रयी बहुतेकांना पाठ असते: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना, तर्क. नवखे वक्ते भावनेवर सगळा भार टाकतात आणि विश्वासार्हता कमवायची राहून जाते. ती कमवायचा स्वस्त मार्ग म्हणजे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आपणच मांडायचा: 'इट इज ट्रू दॅट...' आणि मग 'बट'. इथे मुद्दाम लेचापेचा आक्षेप निवडून तो खोडला, तर सभागृहाला ते लगेच कळतं आणि होता तेवढा विश्वासही जातो.

पुनरुक्ती कशी वापरावी, याचा नमुना चर्चिलचं 4 जून 1940 चं हाउस ऑफ कॉमन्समधलं भाषण. लांबलचक युद्धवृत्तान्त झाल्यावर, अगदी शेवटी, 'वी शॅल फाइट' सात वेळा येतं. समुद्र, हवा, किनारे, शेतं, रस्ते, टेकड्या असं चित्र दर खेपेला बदलतं. मग 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. 'फाइट' ऐकायला सरावलेल्या कानाला तिथे दुसरंच क्रियापद मिळतं, म्हणून ते वाक्य ठसतं. विद्यार्थी पुनरुक्ती करतात, पण साचा मोडत नाहीत; किंवा दर परिच्छेदात एकाच साच्यातल्या तीन-तीन शब्दांची माळ लावतात. मग हे तंत्र आहे हे उघड दिसतं आणि त्याचा परिणाम संपतो. पाच मिनिटांत एक पुनरुक्ती, तीही त्या ठरवलेल्या वाक्याजवळ, एवढी पुरे.

मार्टिन ल्यूथर किंगचा 'आय हॅव अ ड्रीम' हा भाग 28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणाच्या लिखित मसुद्यात नव्हता, हा किस्सा तयारी टाळायला फार उपयोगी पडतो! मात्र तो भाग त्याने त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटला बोलून दाखवला होता, हे कोणी सांगत नाही.

लांबीचं गणित सोपं आहे. मिनिटाला 120 ते 130 शब्द धरले तर पाच मिनिटांना 600 च्या आसपास होतात. स्टेजवर वेग वाढतोच, तरी 550 च लिहा. उरलेला वेळ विरामांना लागतो. श्रोत्यांना प्रश्न विचारल्यावर मनात दोन अंक मोजा. प्रश्नाला लगेच आपणच उत्तर दिलं, तर तो विचारल्यासारखा वाटतच नाही.

मराठीत लिहून इंग्रजीत उतरवलेलं भाषण ओळखू येतं. 'जेव्हा', 'कारण', 'जरी' यांची लांब शेपटी आधी येते आणि मुख्य क्रियापदापर्यंत पोचता पोचता श्वास संपतो. कर्ता आणि क्रियापद पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा. कारण पुढच्या वाक्यात द्या.

छापील प्रतीवर खुणा करा: छोट्या थांब्याला एक तिरपी रेघ, मोठ्याला दोन, आणि प्रत्येक वाक्यातल्या एकाच शब्दाखाली अधोरेखा. इंग्रजीत आघात बदलला की अर्थ सरकतो. 'वी कॅन स्टॉप धिस'मध्ये 'वी'वर जोर दिला तर जबाबदारी कोणाची हे सांगितलं जातं, 'कॅन'वर दिला तर ते शक्य आहे हे. सगळ्याच शब्दांवर जोर दिला तर नुसता आवाज चढतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून कागद न बघता ऐका. तुमचं मुख्य वाक्य ऐकू आलं, पण त्याला चिकटूनच 'थँक यू' आलं, तर त्या दोहोंमध्ये दुहेरी रेघ मारा.