पोस्टग्रेसमध्ये चेकसम चालू आहे ना, आधी बघा

पोस्टग्रेसचा डेटाबेस वर्षानुवर्षे चालतो, पण चेकसम (डेटा खराब झाला का हे ओळखण्यासाठी प्रत्येक पानासोबत, म्हणजे डेटाच्या ठराविक आकाराच्या तुकड्यासोबत, ठेवलेला पडताळणीचा आकडा) चालू आहे का हे कुणी पाहिलेलंच नसतं. 'शो डेटा_चेकसम्स' चालवा, लगेच कळेल. आवृत्ती 18 पासून नवीन क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसच्या संचात) ते आपोआप चालू असतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'इनिटडीबी' (नवीन क्लस्टर तयार करणारी आज्ञा) करताना मुद्दाम सांगावं लागायचं, आणि ते बहुतेक वेळा राहून जायचं.

राहिलं असेल तर आवृत्ती 12 पासून 'पीजी_चेकसम्स' हे टूल आहे. सर्व्हर नीट बंद करून ते 'इनेबल' पर्यायासह चालवायचं. प्रत्येक फाइल पुन्हा लिहिली जाते, त्यामुळे मोठ्या डेटाबेसला बराच वेळ लागतो. रेप्लिका (मूळ सर्व्हरच्या चालू प्रती) असतील तर सगळीकडे सेटिंग एकसारखं ठेवा. 18 वर 'पीजी_अपग्रेड' (नव्या आवृत्तीवर नेणारं टूल) करतानाही जुन्या आणि नव्या क्लस्टरचं सेटिंग जुळलं नाही तर काम तिथेच अडतं.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही: चेकसम तपासला जातो तो पान डिस्कवरून वाचताना. ज्या टेबलाकडे महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही, तिथलं खराब पान तसंच पडून राहतं. म्हणून 'पीजी_बेसबॅकअप'ने नियमित बॅकअप घ्या. तो जाता जाता चेकसमही पडताळतो. शिवाय 'पीजी_स्टॅट_डेटाबेस' मधल्या 'चेकसम_फेल्युअर्स' या रकान्यावर अलर्ट लावा. आकडा शून्यावरून हलला की आधी डिस्क तपासा आणि चांगला बॅकअप हाताशी आहे याची खात्री करा. 'इग्नोर_चेकसम_फेल्युअर' (चेकसम चुकला तरी पुढे जाऊ देणारं सेटिंग) हा अगदी शेवटचा उपाय. त्याने पान दुरुस्त होत नाही, फक्त एररऐवजी इशारा देऊन काम पुढे चालू राहतं.