कॅनडात घर भाड्यानं देणार असाल तर मॅनेजरच्या बिलावरच्या एचएसटीबद्दल आधी हे वाचा

सध्या महिनाभरासाठी नागपुरात आलोय. त्रिमूर्तीनगरच्या घरी रोज कोणाचे तरी आईबाबा येतात, पोट्टं नुकतंच टोरंटोकडे गेलंय, जरा बोलून घ्या म्हणतात, आणि फोनवर मी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. जॅकेट, सिम कार्ड, बँक खातं हे सगळं तुमचं आठवडाभरात जमेल, त्यावर काही लिहीत नाही. लिहितोय ते तीन-चार वर्षांनी तुम्ही घर किंवा काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, घेऊन भाड्यानं द्याल तेव्हासाठी. आपले लोक तिथे दुसरं घर घ्यायची फार घाई करतात, मला ती घाई पटत नाही, पण घेतात आणि मग सगळे एकाच जागी ठेचकाळतात.

टोरंटो ज्या ओंटारियो प्रांतात येतं तिथे एचएसटी, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा वस्तू-सेवांवरचा कर, 13 टक्के आहे. घर सांभाळायला मॅनेजर ठेवला की त्याच्या फीवर तो लागतो. समजा भाडं 2,400 डॉलर आणि फी 8 टक्के, म्हणजे 192, वर एचएसटी 24.96, महिन्याचं बिल 216.96. वर्षाचे जवळपास 300 डॉलर नुसता कर. मग कोणीतरी सांगतं की हा परत मिळतो, एचएसटी नंबर काढ, म्हणजे त्या कराखाली रजिस्टर हो, आणि क्लेम कर.

नाही मिळत. महिनाभर किंवा जास्त राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर तुम्ही भाडेकरूकडून एचएसटी घेतच नाही, तो व्यवहार करमुक्त आहे, आणि ज्या कमाईवर कर लावला नाही तिच्या खर्चावर भरलेला कर मागता येत नाही. नंबर काढल्यानं त्यात काही बदलत नाही.

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा आयटीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, त्यामुळे एचएसटी नंबर होता, दर तिमाहीला रिटर्न जायचंच, त्यातच मी दोन घरांच्या मॅनेजरच्या फीचा, भाडेकरू शोधून दिल्याच्या फीचा, प्लंबरच्या बिलाचा सगळा कर टाकत गेलो. एका ओळखीच्या माणसानं जेवणाच्या पंगतीत सांगितलं होतं, मी कुठे विचारलं नाही की तपासलं नाही. पैसे येत राहिले आणि पैसे आले म्हणजे बरोबरच आहे असं धरून चाललो. तीन वर्षांनी कर खात्याचं पत्र आलं, पावत्या मागवल्या, साधारण 2,300 डॉलर व्याजासकट परत भरायला लावले. बायको तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती, तो महिना कसा काढला आम्हालाच माहीत. म्हणून पुन्हा सांगतो, तिथली सिस्टीम आधी तुमच्यावर विश्वास ठेवते आणि तपासते नंतर, त्यामुळे रिफंड खात्यात आला म्हणजे क्लेम मंजूर झाला असं समजू नका. रिफंड म्हणजे मंजुरी नाही.

आता जे मिळतं ते सोडू नका, कारण नवीन पोरं इथेही चुकतात. भाड्याचा हिशोब इन्कम टॅक्स रिटर्नसोबत टी776 फॉर्मवर देता, त्यात मॅनेजमेंट फीची ओळ आहे, 8871. तिथे वर्षाचे 2,304 लिहायचे नाहीत, एचएसटीसकट पूर्ण 2,603.52 लिहायचे. परत न मिळणारा कर हा खर्चच आहे, तेवढं उत्पन्न कमी होतं. मी ती तीन वर्षं फक्त मूळ फी लिहिली होती, म्हणजे दोन्हीकडून मार बसला, नंतर जुनी रिटर्न दुरुस्त करून घेतली. दहा वर्षं मागेपर्यंतची दुरुस्ती मागता येते, हे माहीत असू द्या.

दुकान किंवा ऑफिस भाड्यानं दिलं तर गोष्ट वेगळी, तिथे रजिस्टर्ड असाल तर भाड्यावर एचएसटी लावायचा आणि फीवरचा परत घ्यायचा. चार तिमाहीत मिळून 30,000 डॉलरच्या वर करपात्र कमाई गेली की रजिस्ट्रेशन सक्तीचं. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असेल तर मॅनेजरला सांगून दोघांचं बिल वेगळं करून घ्या, एकत्र असलं तर दुकानाच्या वाट्यापुरताच कर मागता येतो आणि वाटणी कशी केली ते दाखवावं लागतं. 100 डॉलर आणि वरच्या बिलावर मॅनेजरचा एचएसटी नंबर हवाच, 500 आणि वर असेल तर तुमचं नावही. महिन्यापेक्षा कमी दिवसांसाठी घर देणं करपात्र धंद्यात येतं, त्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

आणि इथे नागपुरात बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट ठेवून जाताय ना, त्याचं भाडं कॅनडात दाखवावं लागतं. इथल्या मॅनेजरच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी तिथे परत मागायचा विचारही करू नका, तो फीसकट टी776 वर खर्चात जातो. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटची आणि परदेशातल्या अशा बाकीच्या मालमत्तेची मिळून खरेदी किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर टी1135 हा परदेशी मालमत्तेचा फॉर्म वेगळा भरायचा, विसरलात तर दिवसाला 25 डॉलर दंड, 2,500 पर्यंत. पावत्या सहा वर्षं ठेवा, कागदाचा रंग उडतो म्हणून फोटोही काढून ठेवा.