पहिली नोकरी : कुठे भांडायचं, कुठे सोडून द्यायचं

फेब्रुवारीचा पगार हातात आला की पहिल्या नोकरीतली बरीच मुलं एचआरच्या दारात उभी राहतात. दर महिन्याला व्यवसाय कर २०० रुपये, मग या महिन्यात ३०० का? यात कुणी फसवलेलं नसतं. महाराष्ट्रात हा कर वर्षाला २,५०० रुपये आहे. अकरा महिने दोनशेप्रमाणे कापला की तीनशे उरतात, ते फेब्रुवारीत जातात. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना मात्र हा कर माफ आहे. म्हणजे वीस हजार पगाराच्या मुलीच्या स्लिपवर दर महिन्याला २०० कापलेले दिसले, तर तिची तक्रार खरी आहे. आपली तक्रार या दोन्हींपैकी कुठल्या जातीची आहे, हे ओळखता येणं नवख्याच्या फार कामाचं असतं.

आधी पगाराची स्लिप वाचायला शिका. समजा, ऑफर लेटरवर वर्षाला तीन लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, आहे. म्हणजे महिना २५,००० हातात येणार असं धरून खोली भाड्याने घेतली जाते आणि पहिल्याच महिन्यात घोळ होतो. मूळ पगार १२,५०० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ६०१, हे दोन्ही त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. राहिले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की बँकेत २१,१९९ येतात. गटविम्याचा हप्ता असेल तर आणखी कमी. हे वाईट वाटलं तरी प्रचलित आहे. ऑफर मिळाली की सही करण्याआधीच ‘हातात किती?’ हे ईमेलवर विचारून घ्यायचं.

चाकण, रांजणगाव, वाळूज अशा कारखान्यांच्या पट्ट्यांत कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलेल्यांचा प्रकार वेगळा असतो. पगार ठरतो एक, आणि त्यातून पीएफचे दोन्ही वाटे कापले जातात. ठरलेल्या मजुरीतून मालकाचा वाटा वसूल करायला कायद्याने बंदी आहे. त्याहून वाईट म्हणजे स्लिपवर कपात दिसते, पण पैसे भरलेलेच नसतात. हे तपासायला एक मिनिट लागतं. ज्या महिन्याचा पगार, त्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघा, किंवा यूएएनला (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाला) जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या. एखाद्या महिन्याची नोंद उशिरा दिसू शकते. सलग दोन महिने कोरे दिसले तर वाट बघण्यात अर्थ नाही, ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर स्लिप जोडून तक्रार टाका. जाता जाता, यूएएनवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का तेही पाहून घ्या. नोकरी सोडल्यावर हेच काम दहापट त्रासाचं होतं.

ओव्हरटाइमचा हिशेब तोंडपाठ हवा. शॉपफ्लोअरवर ‘सिंगल ओटी’ (जादा तासाला नेहमीचाच दर) आणि ‘डबल ओटी’ (दुप्पट दर) असे दोन शब्द चालतात. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याप्रमाणे दुप्पट दर आहे. महिन्याची मजुरी १५,६०० असेल तर भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००, भागिले ८ म्हणजे तासाचे ७५, आणि ओटीचे १५०. रोज दोन तासांप्रमाणे वीस दिवस थांबलात तर ६,००० झाले. हातात ३,००० पडले, तर निम्मे कुठे गेले हे विचारायचा हक्क आहे. मात्र विचारताना जादा तासांचा पुरावा लागतो आणि पंचिंग मशीनची नोंद कंपनीच्या ताब्यात असते. म्हणून रोज गेटबाहेर पडताना वहीत तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि लाइनचं नाव लिहायचं. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही. निरनिराळ्या पेनांची, रोजच्या रोज भरलेली वही मानतात.

पैशांइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, ताप सहकाऱ्यांचा होतो. दोन तक्रारी जवळजवळ प्रत्येकाच्या असतात : काम माझ्यावर ढकलतात, आणि केलेल्या कामाचं श्रेय दुसराच घेतो.

काम ढकललं जातं ते तोंडी. ‘एवढं करून टाक रे, तू नवीन आहेस, शिकशील.’ नाही म्हणणं पहिल्या सहा महिन्यांत परवडत नाही. हो म्हणून झाल्यावर अर्ध्या तासात लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, चार ओळी पाठवायच्या : ‘सर, सकाळी बोलल्याप्रमाणे लाइन दोनचा रिपोर्ट आजपासून मी करतो आहे. त्यामुळे इन्व्हॉइस तपासणी शुक्रवारऐवजी सोमवारी पूर्ण होईल. बदल हवा असल्यास कळवावं.’ यात कुणाबद्दल तक्रार नाही, तरी काम कुणी दिलं, कधी दिलं आणि कशामुळे काय लांबलं हे तारखेनिशी नोंदलं गेलं. उत्तर आलं नाही तरी चालेल. सोमवारी उशिराचं खापर तुमच्यावर फुटायला लागलं की हाच मेल काढायचा.

श्रेयाचं जरा नाजूक असतं. मीटिंगमध्ये ‘हे मी केलंय’ असं ओरडणाऱ्याची बाजू खरी असूनही पडते. त्यापेक्षा फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असेल असा तपशील बोलायचा : ‘यात मार्चचा परत आलेला माल मी धरलेला नाही, तो धरला तर आकडा थोडा खाली येईल.’ ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळतं. याच्या जोडीला दर शुक्रवारी लीडला आठवड्याच्या कामाच्या पाच ओळी पाठवायची सवय ठेवा. वार्षिक मूल्यमापनात लीडला मार्चमध्ये जून आठवत नाही, तुमचे मेल आठवण करून देतात.

पुरावे जमवताना एक चूक फार महागात पडते. कंपनीच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. मूळ तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयता मोडल्याबद्दल तुमचीच चौकशी लागते. स्वतःच्या स्लिपा, हजेरी, रजेचे अर्ज आणि नेमणूकपत्र यांच्या प्रती घरी असाव्यात, ग्राहकांची माहिती नाही.

काही गोष्टी ‘जुळवून घे’ या सदरात येतच नाहीत. लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. एचआरची गोड बोलणी, ‘जरा थांब, मी त्याला समजावते’, बरोबर याच तीन महिन्यांत होतात. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आडनाव विचारून सुरू झालेलं बोलणं चारचौघांत जातीवरून अपमान करण्यापर्यंत गेलं, तर अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीसाठी १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. ते प्रकरण एचआरने मिटवण्याचं नाही, पोलिसांत जाण्याचं आहे. या दोन्हींत बोललेले शब्द जसेच्या तसे, शिवीसकट, त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कोण हजर होतं तेही लिहा.

रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ताब्यात द्यायची नाहीत. कोरा धनादेश तर नाहीच. बाँडबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर रक्कम भरायच्या कराराबद्दल, ‘त्याला काही अर्थ नसतो’ असं मित्र सांगतात, ते अर्धसत्य आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीवर करावा लागणारा खर्च तिथे विचारात घेतला गेला. नुसतं लॅपटॉप हातात देऊन ‘प्रशिक्षण दिलं’ म्हणणाऱ्या कंपनीला तेवढी रक्कम मिळेलच असं नाही, पण सही करताना आकडा वाचा आणि तो भरावा लागू शकतो असं धरूनच करा.

सोडताना राजीनामा ईमेलवर द्या. शेवटचा दिवस तारखेने लिहा आणि स्वीकारल्याचं उत्तर मागा. लॅपटॉप, ओळखपत्र, टूलकिट परत केल्याची पोच घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत देय वेतन द्यायची तरतूद आहे. कंपन्या मात्र अजून ‘हिशेब पंचेचाळीस दिवसांनी’ हे जुनं गाणं गातात. एचआरला त्या तरतुदीचा उल्लेख करून एकच शांत मेल टाका. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवलं, तर नव्या कंपनीच्या पडताळणीला स्वीकृतीचा मेल, शेवटच्या तीन स्लिपा, बँक खात्याचा उतारा आणि पीएफची सेवानोंद एकत्र द्या. जुन्या मालकाने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते.

पगार थकला आणि मेलला उत्तर नाही, तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. कॉन्ट्रॅक्टरने बुडवलं असेल तर मुख्य कंपनीचंही नाव घाला, कारण त्याने न दिलेल्या मजुरीची जबाबदारी तिच्यावर येते. अर्जात राग लिहायचा नाही. आस्थापनेचं नाव-पत्ता, रुजू तारीख, हुद्दा, कुठल्या महिन्याचे किती रुपये बाकी, त्यांची बेरीज, सोबत जोडलेल्या प्रती, एवढं एका पानात बसतं. ‘मला खूप त्रास दिला’ असं तीन पानं लिहून आणलेल्या अर्जात रक्कमच सापडत नाही आणि अधिकारी तो बाजूला ठेवतो. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच खिडकी सोडा. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले, तरी शिक्का मारायला साहेब लागत नाहीत.