टपालाने आलेली उबवणीची अंडी: खोके हाती पडल्यापासून यंत्रात ठेवेपर्यंत

उबवणीच्या अंड्यांचे खोके घरी पोहोचले, की हात आपोआप उबवणी यंत्राकडे वळतात. अंड्यांचे दोन-तीन दिवस प्रवासातच गेलेले असतात, ती शिळी होत चालली आहेत अशी धास्ती मनात असते आणि यंत्रही तापवून तयार असते. नेमकी हीच घाई नडते. मी मागवलेली पहिली बारा अंडी तासाभरातच यंत्रात आडवी ठेवली आणि त्याच संध्याकाळपासून फिरवायला सुरुवात केली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिले, तेव्हा बहुतेक अंड्यांतील हवेची पोकळी, गवंडी वापरतात त्या लेव्हलच्या नळीतील बुडबुड्यासारखी, अंडे कलवले की सरकत होती. त्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर पडले नाही. तेव्हापासून प्रवास करून आलेल्या अंड्याला पूर्ण एक दिवस विसावा दिल्याशिवाय मी ते यंत्रात ठेवत नाही, आणि इतरांनीही ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

याचे कारण अंड्याच्या रचनेत आहे. घातलेले अंडे थंड होऊ लागले, की आतील भाग किंचित आकसतो आणि रुंद टोकाशी कवचाच्या आतील दोन पडद्यांमध्ये हवेची पोकळी तयार होते. पूर्ण वाढलेले पिल्लू कवच फोडण्याआधी चोचीने आतला पडदा भेदून याच पोकळीत पहिला श्वास घेते, त्यामुळे ती पोकळी जागेवर असणे हा त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. वाहनातील हादऱ्यांनी आणि खोके आपटल्याने पडदे सुटतात, पोकळी सरकते आणि बलकाला मधोमध धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या पिळदार दोऱ्यांवरही ताण येतो. अंडे निमुळते टोक खाली करून स्थिर ठेवले, तर हवा रुंद टोकाकडे परत चढते आणि बरेचदा, नेहमीच नव्हे, तिथेच स्थिरावते.

तयारी मात्र अंडी येण्याआधीच व्हायला हवी. अंडी कोणत्या तारखांना घातलेली आहेत, हे पाठवणाऱ्याला आधीच विचारावे, कारण सात दिवसांपर्यंतच्या अंड्यांतून पिल्ले चांगली निघतात आणि दहा दिवसांनंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. प्रवासाचे तीन दिवस आणि विसाव्याचा एक दिवस धरला, तर पाठवणाऱ्याने आठवडाभर साठवलेली अंडी घेण्यात अर्थ उरत नाही. यंत्र किमान एक दिवस आधी सुरू करून त्याचे तापमान स्थिर झाले आहे ना, हे पाहावे. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता आत दुसरा तापमापक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

खोके आल्यावर ते न हलवता, न उलटवता सावलीतील टेबलावर ठेवावे. चिकटपट्टी कापताना पाते खोलवर जाऊ देऊ नये, कारण वरच्या थरातील अंडी बहुधा झाकणाला लागूनच असतात. एखादे अंडे फुटलेले दिसले तर आधी छायाचित्र काढावे, आणि आतील बलक शाबूत असेल तर तो बशीत ओतून नीट पाहावा. पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडांचा असेल तर अंडे फलित नाही. तो तीन-चार मिलिमीटरचा, गोल आणि कडेला स्पष्ट वलय असलेला असेल तर अंडे फलित आहे. फलन झाले आहे की नाही, हे उबवणीआधी टॉर्चच्या उजेडात कळत नाही, म्हणून वाया गेलेल्या अंड्याकडून मिळणारी ही माहिती मोलाची असते. फुटलेल्या अंड्याचा बलक इतर अंड्यांना लागला असेल तर तो लगेच कोरड्या कागदाने टिपून घ्यावा.

अंडी धुण्याचा मोह टाळावा. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक संरक्षक थर असतो. धुण्याने तो थर जातो. शिवाय अंड्यापेक्षा थंड पाणी वापरले तर आतील द्रव आकसतो आणि कवचावरची घाण जंतूंसह छिद्रांतून आत ओढली जाते. वाळलेली माती बोटाने किंवा कोरड्या खरखरीत कापडाने हलकेच काढावी, आणि फारच बरबटलेले अंडे सरळ बाजूला ठेवावे, कारण यंत्रात सडलेले एक अंडे फुटले तर शेजारच्या अंड्यांचीही धडगत नसते.

आता विसावा. कागदी लगद्याच्या ट्रेमध्ये प्रत्येक अंडे निमुळते टोक खाली करून उभे ठेवावे आणि ट्रे १८ ते २० अंश तापमानाच्या, उन्हापासून व वाऱ्याच्या झोतापासून दूर असलेल्या खोलीत चोवीस तास हलवू नये. रेफ्रिजरेटर यासाठी जास्तच थंड पडतो. उलट खोली बरीच उबदार असेल तर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि तशी अर्धवट वाढ त्याला दुबळे करते. अंडी थंड हवामानातून येऊन दमट, उबदार खोलीत उघडली गेली, तर कवचावर दव धरते. ते पुसू नये, कारण पुसण्याने घाण छिद्रांत चोळली जाते. खोके तसेच बंद ठेवून त्याला काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

विसाव्यानंतर अंधाऱ्या खोलीत एकेक अंडे उचलून रुंद टोकाशी टॉर्च धरावी. पोकळी जागेवर असेल तर तिची कड वर्तुळाकार दिसते. कड एका बाजूला खोगिरासारखी खाली उतरलेली असेल तर अंडे दुखावलेले आहे, पण त्याची आशा सोडू नये. अंडे हळूच कलते केल्यावर बुडबुडा मोकळेपणी फिरत असेल तर ते सर्वांत नाजूक गटात जाते. केसासारखी बारीक चीर असलेले अंडे दुर्मीळ जातीचे असेल, तरच वितळलेल्या मेणाचा अगदी बारीक पट्टा देऊन ठेवावे; मोठी भेग असलेले ठेवूच नये. कवचावर पोकळीची कड, तारीख आणि क्रमांक साध्या शिसपेन्सिलीने लिहावा, कारण मार्करमधील द्रावक कवचातून आत झिरपू शकते. त्याच वेळी प्रत्येक अंड्याचे वजन टिपून ठेवावे. अठराव्या दिवसापर्यंत कोंबडीच्या अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी घटायला हवे, आणि सुरुवातीचा आकडाच नसेल तर आर्द्रता जास्त झाली की कमी, याचा हिशेब लागत नाही.

यंत्रात ठेवतानाही अंडी उभीच ठेवावीत. पोकळी स्थिर असलेली अंडी पहिल्या दिवसानंतर नेहमीप्रमाणे फिरवता येतात. मोकळ्या पोकळीची अंडी दोन-तीन दिवस मुळीच हलवू नयेत आणि त्यानंतर ती हाताने गोल न फिरवता, ट्रेसकट एकदा एका बाजूला व पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूला सुमारे ४५ अंश कलवावीत, तेही आपोआप फिरवणाऱ्या यंत्राच्या झटक्याने नव्हे तर सावकाश. अठराव्या दिवशी कलवणे बंद करावे. घरात खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली घट्ट पोकळीचीच अंडी द्यावीत, असे माझे मत आहे. कोंबडी तिच्याखालची अंडी आपल्या मनाप्रमाणे आडवी फिरवते आणि नाजूक अंड्यांना ते सोसत नाही.

ज्या कळपाची पाहणी आपण केलेली नाही, त्याची ही अंडी आहेत, हेही लक्षात ठेवावे. पुलोरमसारखे (पिल्लांना पांढरी हगवण लावणारा जंतुजन्य रोग) रोग अंड्यातून पिल्लापर्यंत पोहोचतात. म्हणून आलेले पॅकिंग पुन्हा न वापरता टाकून द्यावे, हात साबणाने धुवावेत आणि निघालेली पिल्ले काही आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावीत.

सगळी काळजी घेऊनही प्रवास केलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतून पिल्ले निघाली तर ते चांगले यश समजावे. सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा उजेडात पाहून निरोप पाठवणाऱ्याला कळवावा, पण तक्रार करण्याआधी रिकामी दिसणारी अंडी फोडून पाहावीत. बलकावर रक्ताचे वलय दिसले तर अंडे फलित होते आणि गर्भ वाढू लागून मेला. वाढीची काहीच खूण नसेल तर बहुधा ते फलितच नव्हते. पहिल्यात दोष प्रवासाचा किंवा हाताळणीचा असू शकतो, दुसऱ्यात पाठवणाऱ्याच्या कळपाचा, आणि कोणत्या क्रमांकाच्या अंड्यात काय आढळले हे छायाचित्रासह सांगितले, तर पुढच्या खेपेला कोंबडे बदलायचे की पॅकिंग, हे त्याला ठरवता येते.