छत कापण्याआधी: कॅम्परच्या सीलिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेणारे लोकही आता भेटतात. या कामात आयटीआयमधून मोटार मेकॅनिक, वेल्डर, पेंटर असे ट्रेड केलेली मुलं-मुली येतात. वायरिंग, सुतारकाम, फ्रेम यांत त्यांचा हात लवकर बसतो. सीलंटची, म्हणजे जोडातून पाणी शिरू नये म्हणून भरायच्या लगद्याची, गन मात्र बहुतेक ठिकाणी ज्याला त्या वेळी दुसरं काम नाही त्याच्या हातात दिली जाते, आणि हे मला पटत नाही. कारखान्यातून आलेलं पत्र्याचं छत सहसा गळत नाही. गळतं ते आपण पाडलेल्या भोकांतून. हवेचा झरोका, पंखा, खिडक्या, सोलरची केबल, ऑनिंगची (बाजूला ओढून पसरायच्या कापडी छपराची) पट्टी, बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट, पाणी भरायचं तोंड अशी कितीतरी भोकं एका गाडीला पडतात. त्यातलं एक जरी कच्चं राहिलं, तरी जुलैत ताम्हिणी घाट ओलांडेपर्यंत आतली प्लाय भिजलेली असते.

नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठलं सीलंट चांगलं?’ माझं उत्तर असं, की आधी जोड बघा. कोणते दोन पदार्थ एकत्र येतात, ते एकमेकांपासून किती हलणार आहेत आणि ती वस्तू पुढे कधी काढावी लागेल का, एवढं कळलं की ट्यूब आपोआप ठरते.

हलणं म्हणजे काय ते आकड्यांत बघा. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं, ॲक्रिलिक, म्हणजे कॅम्परच्या खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक, साधारण ७०. उन्हात उभ्या गाडीचं छत आणि रात्रीचं थंड छत यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे ६०० मिमीच्या खिडकीची ॲक्रिलिकची काच १.७ मिमी लांब-आखूड होते आणि भोवतालचा पत्रा जेमतेम ०.३ मिमी. हा फरक सीलंटने रोज सोसायचा असतो. जो कडक वाळतो तो तुटतो. मऊ असूनही अर्धा मिमीच्या थरात पिळून बसलेला फार दिवस टिकत नाही, कारण ताणायला त्याच्याकडे जाडीच नसते. म्हणून २-३ मिमी जाडी राहावी यासाठी मधे रबराचे छोटे ठोकळे ठेवतात. स्क्रू जोर लावून आवळून सगळा माल बाहेर काढणं ही नवख्यांची नेहमीची सवय असते. ती पहिल्या आठवड्यातच मोडा.

आता मालाकडे येऊ. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात आधी हातात पडते ती ॲसिटिक सिलिकॉनची ट्यूब. उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो तीच ही. न्हाणीघराच्या टाइल्सला ती ठीक, गाडीच्या पत्र्याला नको. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि कापलेल्या कडेला गंज धरतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. सिलिकॉन काढून टाकलं तरी त्याचा अंश पत्र्यावर राहतो आणि त्यावर पुढे ना रंग धरतो, ना दुसरं सीलंट. जुनी गाडी दुरुस्तीला आली आणि तिच्या छतावर कोणीतरी सिलिकॉन फासलेलं असलं, की ते खरवडण्यातच दिवस जातो.

पत्र्याला पत्रा किंवा पत्र्याला फायबर जोडायचं असेल आणि जोड कायमचा असेल, तर पॉलियुरेथेन. सिकाफ्लेक्स २२१ हे सीलिंगसाठी आणि २५२ हे चिकटवण्यासाठी, ही दोन नावं तुम्हाला लगेच ऐकू येतील. बस बांधणारेही हाच माल वापरतात. पकड जबरदस्त, पण ऊन थेट लागलं की वरचा थर पिवळा पडतो, पुढे भुकटी सुटते. उघड्यावर राहणाऱ्या रेषेसाठी मी एमएस पॉलिमर पसंत करते. ते उन्हात जास्त टिकतं, त्यावर रंग बसतो आणि त्यात पॉलियुरेथेनमधलं ॲलर्जी करणारं रसायन, आयसोसायनेट, नसतं.

झरोका किंवा खिडकी पुढे कधीतरी काढावी लागणारच, तिथे ब्युटाइल टेप. ती कधीच वाळत नाही, चिकट लगद्यासारखीच राहते. मात्र तिला दाब लागतो. स्क्रू एका दमात आवळू नका. सगळे अर्धे आवळा, गाडी थोडी उन्हात राहू द्या, टेप पसरली की पुन्हा फिरवा. कडेने सगळीकडे सारखी बारीक रेघ बाहेर आली, की टेप नीट बसली असं समजा.

प्लास्टिकच्या खिडक्यांबद्दल जरा थांबून सांगते. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला थिनर चालत नाही, पॉलियुरेथेनही बहुधा चालत नाही. आधी काही दिसत नाही, मग स्क्रूजवळ केसासारख्या बारीक भेगा पडतात. या पदार्थांना त्या खिडकीच्या कंपनीने सांगितलेलाच माल लावा. आणि पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन म्हणजे पाण्याच्या टाक्यांचं प्लास्टिक: त्याला आपल्याकडचं कुठलंच सीलंट धरत नाही. तिथे रबरी वॉशर आणि आट्यांचं फिटिंग हाच उपाय.

बरेच जण अमेरिकन व्हिडिओ बघून येतात. बघावेत, त्यांतून पुष्कळ शिकता येतं. पण तिथल्या ट्रेलरचं छत बहुधा लाकडी फळ्यांवर ताणलेल्या ईपीडीएम किंवा टीपीओ नावाच्या रबरी चादरीचं असतं, जवळपास सपाट. म्हणून ते डायकॉर कंपनीचं आपोआप सपाट होणारं सीलंट स्क्रूच्या डोक्यांवर ओततात. आपलं छत रंगवलेल्या पोलादी पत्र्याचं, वर लांबलचक खाचा आणि कडेला उतार. ओतलेला माल खाचेतून वाहत जातो आणि जिथे हवा तिथेच पातळ राहतो. आपल्याला लावल्या जागी उभा राहणारा घट्ट माल लागतो.

या खाचा हेच आपल्या छतावरचं खरं काम आहे. झरोक्याची चौकट सपाट, छत नागमोडी. मधली पोकळी नुसत्या सीलंटने भरायचा मोह होतो. पण ट्यूबमधला माल हवेतल्या ओलाव्याने वाळतो आणि वाळणं बाहेरून आत सरकतं, पहिल्या २४ तासांत ३-४ मिमी. पुढे वेग कमी होत जातो, म्हणून १० मिमी खोल भरलेला माल आतून वाळायला आठवडाही लागू शकतो. त्याआधी गाडी हलली की आतला कच्चा भाग फाटतो. म्हणून खाचेच्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापा, त्या पॉलियुरेथेनने बसवा, पूर्ण वाळू द्या आणि त्या सपाट झालेल्या जागेवर चौकट ठेवा. वेळ लागतो. मालकाला हे आधीच सांगून दिवस मागून घ्या.

छत कापताना भोवती जुनी चादर अंथरा आणि टेपने चिकटवा. कापताना उडालेला लोखंडी चुरा छतावर राहिला, तर पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उमटतात. चुंबक फिरवून तो उचला. कड कानशीने घासा, झिंकवाला प्रायमर लावा, त्यावर रंग, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय सीलंटला हात लावू नका. ओल्या रंगातून सुटणारं थिनर सीलंटला पकडू देत नाही.

पुसण्यासाठी दोन फडकी घ्या. एक आयसोप्रोपिल अल्कोहोलचं, दुसरं कोरडं. पहिल्याने मळ सुटतो, तो पुन्हा बसण्याआधी दुसऱ्याने उचलायचा. एकाच फडक्याने दिवसभर पुसलं तर तेल नुसतं पसरतं. आणि हे अल्कोहोल उडून गेल्यावरच माल लावा. ओल्या पॉलियुरेथेनला अल्कोहोल लागलं तर ते नीट वाळतच नाही. म्हणून सॅनिटायझरच्या बोटाने रेष गुळगुळीत करू नका. मास्किंग टेप वरची साय धरायच्या आत ओढा, नाहीतर कड फाटते.

हवामानही बघायचं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर माल लावला तर बुडबुडे येतात. तेव्हा सकाळी, सावलीत काम करा. पावसाळ्यातला दमटपणा वाळायला मदतच करतो, पण पत्र्यावर दव किंवा ओल असेल तर माल लागतो तो पाण्याला, पत्र्याला नाही. ट्यूबवरची मुदत वाचा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेली ट्यूब मुदतीतही आत घट्ट झालेली असू शकते.

खिडकीच्या चौकटीला खाली पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती कधीही बुजवू नका. वर आणि दोन्ही बाजूंना सील, खाली वाट मोकळी. आत शिरलेलं थोडं पाणी बाहेर पडायला जागा नसेल, तर ते भिंतीत उतरतं.

काम झालं आणि माल पूर्ण वाळला, की पाण्याची चाचणी. नळी घेऊन थेट छतावर जाऊ नका. खालून सुरू करा, एकेका जोडावर काही मिनिटं पाणी सोडा, आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आत ओल दिसते ती जागा आणि पाणी शिरलं ती जागा बहुधा वेगळी असते, कारण पाणी छताच्या आडव्या कमानीवरून लांबवर जाऊन ठिबकतं. म्हणून ही चाचणी आतलं इन्सुलेशन आणि पॅनेल बसवण्याआधी करा. मालक घाई करेल. तरीही इथे अडून बसा.

स्वतःची काळजी घ्या. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढे थोड्याशा संपर्कानेही दम लागू शकतो. युरोपीय संघात असा माल धंद्यात वापरणाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडे वर्कशॉपने नायट्राइलचे हातमोजे दिले नाहीत, तर मागून घ्या. हाताला लागलेला माल थिनरने पुसू नका, त्याने तो कातडीत जास्त शिरतो. कोरड्या कागदाने उचला, मग साबण.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. कुठल्या गाडीच्या कुठल्या जोडाला कुठला माल, ट्यूबचा बॅच नंबर, तारीख, ऊन होतं की ढग. दोन पावसाळ्यांनी तीच गाडी सर्व्हिसला येते, तेव्हा काय टिकलं आणि काय सुटलं ते त्या वहीशी ताडून बघता येतं.